राघूची चौकशी

परवा एका लग्नात जेवणाच्या टेबलावर कोणीतरी विचारलं, "तुम्ही ते मेहरूणच्या तळ्यावर दुर्बीण घेऊन फिरायचा ना? काय काय पक्षी दिसायचे हो?" मी आठवायला लागलो. चार-पाच नावं आठवली आणि गाडी अडली. पण लोक आम्हाला काय काय म्हणाले ते विचारा! ते सगळं तोंडपाठ आहे. पक्षी येतो, दिसतो, उडून जातो. किस्सा एकदा येऊन बसला की हलत नाही. वर त्याला पिल्लं होतात! दर वेळी सांगताना एखादं नवीन निघतंच.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. मी जळगावात एका बँकेत कॅशियर होतो. आमच्या मंडळाला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता आणि दुर्बीण एकच होती. सगळ्यात वडील आबा. यावलकडचे केळीवाले. बाग मुलाकडे सोपवून ते जळगावात राहायला आले होते. आवाज मात्र बागेतलाच राहिला होता, या टोकाकडून त्या टोकाकडच्या माणसाला हाक मारायचा. दुसरे शांतिभाई, कापडाचे व्यापारी. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं म्हणून आमच्यात आले. दुर्बीण त्यांची, म्हणून त्यांना मान जास्त.

आणि तिसरा राघू. खरं नाव रघुनाथ, कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आई घरात राघू म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. पक्ष्यांचं खरं वेड त्याला एकट्याला. बाकी आम्ही मागून चालणारे. राघूने तिशी ओलांडली होती आणि लग्न जमत नव्हतं. पोरगा चांगला, निर्व्यसनी, नोकरी पक्की. पण का जमत नव्हतं, ते आता तुम्हाला कळेलच.

आमचा सीझन होळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. खानदेशात वसंत ऋतू म्हणजे पंखा लावायचा की नाही यावर घरात वाद चालतो ते थोडे दिवस. त्यानंतर थेट ऊन! पण तेवढ्यात पक्षी सगळं उरकून घेतात. गाणं म्हणतात, जोडी जमवतात, घर बांधतात. आम्ही ते बघायचो आणि राघू उसासा टाकायचा.

*

शांतिभाईंना पक्ष्यात पक्षी कधी दिसलाच नाही. त्यांना कापड दिसायचं.

एकदा तळ्याच्या काठावरच्या खुंटावर खंड्या बसला होता. राघू हळूच म्हणाला, "शांतिभाई, पाठीवरचा निळा बघा!"

शांतिभाईंनी दुर्बीण लावली. तेवढ्यात खंड्याने पाण्यात सूर मारला, मासा घेऊन वर आला आणि पुन्हा खुंटावर बसला. शांतिभाईंनी मान डोलवली.

"माल चांगला आहे. पाण्यातून काढला तरी रंग उतरला नाही!"

हळद्या बघून म्हणाले, "हा पिवळा लग्नसराईत हातोहात जाईल." बगळा बघून म्हणाले, "ह्याला ब्लाउजपीस काय लावणार?"

मग एका सकाळी राघूने त्यांना शिंजिराची जोडी दाखवली. फुलातला रस पिणारा हा इवलासा पक्षी. या दिवसांत नर असा चमकतो की जांभळा म्हणावा की निळा, कळत नाही. मादी बिचारी मळकट.

"ही त्याची घरवाली?" शांतिभाईंनी विचारलं.

"हो."

"ही अशी साध्या वॉयलमध्ये, आणि नवरा जरीकाठी घालून फिरतो?"

"पक्ष्यांत असंच असतं, शांतिभाई. नटायचं ते नराने. मादी फक्त पसंत करते."

शांतिभाईंनी दुर्बीण खाली घेतली, डोळे पुसले आणि अगदी मनापासून म्हणाले, "बरं झालं भाऊ, मी माणसांत दुकान टाकलं!"

*

मराठी माणसाला नावं ठेवायची हौस दांडगी. पक्ष्यांनाही त्याने सोडलं नाही. एकाला धोबी म्हटलं, एकाला शिंपी, एकाला सुतार, एकाला तांबट. कोतवालही एक आहे. आमचं बोलणं कोणी लांबून ऐकलं तर त्याला वाटायचं, ही मंडळी गावकीचं भांडण सोडवतायत.

तर आबा एकदा दुर्बीण लावून तळ्याकाठी उभे होते. समोर दगडावर धोबी पक्षी. काळा-पांढरा, सडपातळ, शेपटी सारखी वरखाली. आबा त्यांच्या बागेतल्या आवाजात ओरडले, "अरे, तो धोबी पाह्य! शेपटी कशी हालवते!"

पलीकडच्या दगडावर एकजण चादरी आपटत होता. त्याचा हात वरच राहिला. "कोनले म्हनस रे बाबा?"

आबांच्या डोळ्याला दुर्बीण. त्यांना दुसरं जगच नाही. "आता कसा ठुमकत चालला! अन् बायको मागं मागं!"

खरोखरच त्या माणसाची बायको मागून गाठोडं घेऊन येत होती. ती थांबली. तिने गाठोडं खाली ठेवलं आणि पदर खोचला. मी धावत मध्ये गेलो, हात जोडले आणि बोट करून तो पक्षी दाखवला. त्याचं नाव धोबी आहे हो, आम्ही नाही ठेवलं!

दोघांनी बराच वेळ त्या पक्ष्याकडे पाहिलं. पक्षी शेपटी हलवत मजेत इकडून तिकडे फिरत होता. शेवटी तो माणूस बायकोला म्हणाला, "देख. नाव आपलं त्याले दिधं, अन् कपडा मातर आपलेच धुवा लागतस!"

*

रविवारी सकाळी सगळं गाव टीव्हीसमोर बसलेलं असायचं. रस्ते ओस, बाग ओस. आम्हाला ते बरं पडायचं. कॉलेजातल्या पोरापोरींनाही बरं पडायचं, पण ते आमच्या उशिरा लक्षात आलं.

बागेतल्या एका मोठ्या पानांच्या झुडपात शिंपी पक्ष्याने दोन पानं शिवायला घेतली होती. चोचीची सुई आणि कापसाचा दोरा. राघू आणि शांतिभाई श्वास रोखून बघत होते. शांतिभाईंना शिवण बघून भरून आलं.

"जोडी जमली," ते गहिवरून म्हणाले. "आता घर बांधतील. मग पोरंबाळं!"

झुडपाच्या मागून एक तरुण एकदम उभा राहिला. केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक. "नाही हो काका! अजून नोकरीच लागली नाही!"

त्याच्यामागे एक ओढणी दिसली आणि क्षणात गेटाकडे पळाली. तोही तिच्यामागे.

आम्ही हसून हसून गवतावर बसलो. राघू तेवढा हसला नाही. तो त्या पळणाऱ्या पोराकडे बघत म्हणाला, "मला तर नोकरी लागून किती वर्षं झाली!"

*

आता भुसावळचं स्थळ.

मुलीच्या घरच्यांनी फोटो पाहिला, पत्रिका जुळली, सगळं छान होतं. आपल्याकडे पुढची पायरी म्हणजे चौकशी. मुलाचं शिक्षण मुलाच्या घरी विचारतात. मुलगा कसा आहे, हे मात्र पानवाल्याला, शेजाऱ्याला आणि मित्रांना विचारतात, तेही गुपचूप. मुलीचे काका आणि मामा असेच एका सकाळी जळगावात उतरले. मुलगा रोज तळ्यावर असतो एवढं त्यांना कुठूनतरी कळलं होतं.

राघू त्या दिवशी कॉलेजच्या परीक्षेत अडकला होता. मी आणि शांतिभाई टपरीवर चहा घेत होतो. तळ्यावर आबा एकटे, दुर्बीण विजेच्या तारेवर लावून उभे. त्या तारेवर रोज एक वेडा राघू यायचा. चिमणीएवढा हिरवा पक्षी, शेपटीतून एक काडी बाहेर आलेली. तो त्या दिवशी आला नव्हता, म्हणून आबा बेचैन होते. पुढचं सगळं आबांनीच आम्हाला सांगितलं, तेही मोठ्या अभिमानाने.

"नमस्कार. राघू रोज इथे येतात म्हणे?"

"येते ना! रोज येते. आज काहून नाही आला, तेच पाहून राह्यलो."

"आम्हाला जरा माहिती हवी होती. कसा काय आहे?"

आबा खुश! पक्ष्यांबद्दल आपणहून विचारणारी माणसं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटली होती. दुर्बीण न काढताच त्यांनी सुरुवात केली. "लय गोड! पण नाव पाह्य ना कसं पडलं. वेडा राघू!"

"वेडा?"

"सारे तसंच म्हणतात. एका जागी बसते, मधीच उडी मारते, गरकन फिरते अन् पुन्हा तिथंच येऊन बसते. दिवसभर हेच!"

मामांनी काकांकडे पाहिलं. काकांनी घसा साफ केला. "खाण्यापिण्याचं काय?"

"मधमाश्या."

"मध?"

"मध नाही हो, मधमाश्या! जित्ती धरते, आपटते, आपटते, डंख निंघाला का गिळते!"

"आणि... घर स्वतःचं आहे ना?"

"आहे ना! त्या पल्याडच्या दरडीत बीळ कोरेल आहे. जोडी जमली का तिथंच संसार!"

पाहुणे आभार मानून लगबगीने गेले. आबांनी त्यांना सांगितलं, "पुन्हा या, पिल्लं निंघाली का दाखवतो!"

संध्याकाळी मध्यस्थाकडून राघूच्या घरी निरोप आला: "मुलगा शिकलेला आहे, पण आमची मुलगी शाकाहारी आहे."

*

निरोपाचा उलगडा झाला तेव्हा राघू पोट धरून हसला. पण राघूची आई नाही हसली. ती दुसऱ्या दिवशी तळ्यावर आली. आबांच्या समोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "आबा, तुमच्या पाखरांची दर साल घरं होतात. माझ्या पोराचं एक होऊ द्या."

आबांनी दुर्बीण गळ्यातून काढून शांतिभाईंकडे दिली. नंतर कितीतरी दिवस ते दुर्बिणीला शिवले नाहीत.

*

पुढच्या होळीची गोष्ट. बागेतल्या शेवग्याच्या एका वाळक्या फांदीत तांबटाने भोक पाडून घर केलं होतं. दिवसभर त्याचं टुक, टुक, टुक चालायचं. होळीच्या आदल्या दिवशी गल्लीतली पोरं कुऱ्हाड घेऊन आली. वाळकी फांदी म्हणजे होळीचा हक्काचा माल! राघूने जाऊन बुंध्याला मिठी मारली.

"फांदी तोडायची तर आधी मला होळीत टाका!"

पोरांच्या म्होरक्याने त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. "चालेल. वजन नाही, पण वाळलेला चांगला आहे!"

शिमग्याचे दिवस, तोंडाला कोण आवरतो! शेवटी शांतिभाई मध्ये पडले. दुकानातला जुना लाकडी काउंटर देतो म्हणाले, तेव्हा पोरं फांदी सोडून काउंटर वाजतगाजत घेऊन गेली. तांबटाची पिल्लं सुखरूप उडाली. शांतिभाईंना पुण्य लागलं असं आम्ही सगळे म्हणालो.

पुढच्या वर्षी होळीच्या आठवडाभर आधी तीच पोरं दुकानाच्या पायरीवर हजर.

"शेठ, औंदा तांबट दोन फांद्यांवर बसलाय. कपाट वगैरे काही आहे का?"

*

चाळीसगावच्या स्थळाला आम्ही पुरेशी खबरदारी घेतली होती. इथे चौकशी आधीच झाली होती, चांगली झाली होती, कारण आबांना कोणी विचारलं नव्हतं. फक्त मुलगी बघायची होती. राघू, त्याची आई, आबा आणि मी गाडीने निघालो. वाटेत राघूला पढवलं. पक्ष्यांचा विषय काढायचा नाही. मुलीला शिक्षण विचार, स्वयंपाक विचार, विणकाम विचार.

घर छान होतं. मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. मुलगी पोहे घेऊन आली, बसली. वडील म्हणाले, "विचारा ना काहीतरी."

राघूने घाम पुसला. शिक्षण विचारून झालं. स्वयंपाक विचारून झाला. विणकाम ऐन वेळी आठवेना. आणि नेमका तेव्हाच पेरूच्या झाडावर दयाळ गायला लागला! ज्यांनी दयाळ ऐकला नाही त्यांना सांगतो, या दिवसांत तो असा गातो की माणसाचं भान जातं. राघूचं गेलं.

"तुमच्याकडे दयाळ रोज येतो का?" त्याने विचारलं.

मुलीच्या हातातली बशी खणकली.

आबांनाही राहवलं नाही. "येत असंल ना! सक्काळी सक्काळी येते, शीळ घालते. ती दिसल्याबिगर जात नाही!"

मुलगी लालबुंद झाली आणि उठून आत गेली. आई तिच्यामागे. वडील उभे राहिले. दयाळ हे मागच्या गल्लीतल्या सायकल दुकानवाल्याच्या मुलाचं नाव आहे, हे आम्हाला काय माहीत!



दिवाळीनंतर राघूच्या नावाने चाळीसगावहून लग्नपत्रिका आली. तीच मुलगी आणि दयाळ! खाली हाताने लिहिलं होतं, "तुमच्यामुळे विषय निघाला. नक्की या."

आम्ही सगळे गेलो. जेवण उत्तम होतं.

*

पण त्या लग्नाहून आल्यावर राघू तळ्यावर यायचा बंद झाला.

मला खरंच वाईट वाटलं. तो नसला की तळ्यावर नुसतं पाणी दिसायचं. पक्षी होते, पण "ते बघा!" म्हणणारं कोणी नव्हतं. मी त्याच्या घरी गेलो तर म्हणाला, "मला फार काही नको. फक्त पहाटे उठलो तर 'कुठे निघालात' असं विचारणार नाही, एवढी बायको पाहिजे. पण तेवढ्यासाठी आईला किती वेळा तोंडघशी पाडू?" आबा तर रोज एकच वाक्य म्हणायचे, "माह्या तोंडानं पोराचं वाटोळं केलं."

अशात धुळ्याहून नानांचा ट्रंककॉल आला.

नाना आमचे धुळ्यातले एकमेव सभासद. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. नोकरी सुटली, पण घंटी तोंडात राहिली. पक्षी दिसला की "टिंग!" म्हणायचे, आम्ही थांबायचो. बघून झालं की "टिंग टिंग!", आणि आम्ही पुढे. नकाण्याच्या तलावावर बगळ्यांची दाटी झाली की हात करून ओरडायचे, "पुढे सरका रे बठ्ठा, पुढे जागा शे!"

ट्रंककॉल यायचा शांतिभाईंच्या दुकानात. त्या काळी मध्ये ऑपरेटरबाई बसलेल्या असायच्या आणि लाइन खराब असेल तर त्या स्वतःच निरोप सांगायच्या. नाना तिकडून ओरडत होते, "शांतिभाई! इकडे सातभाईसनी लई कल्ला लावेल शे!" सातभाई म्हणजे ते मातकट पक्षी, नेहमी घोळक्याने असतात आणि घोळक्याने भांडतात. पण ऑपरेटरबाई मध्येच म्हणाल्या, "सातभाई वकील ना? त्यांच्या घरी नेहमीचंच आहे ते!"

मग नाना मुद्द्यावर आले. धुळ्यात त्यांच्या ओळखीत एक मुलगी आहे. निर्मला. शाळेत शिक्षिका. आखाजीला सगळं घर एकत्र जमतं, तेव्हा पोराला घेऊन या. शांतिभाई विचार करायला लागले. राघूला कसं तयार करायचं, आबांना न्यायचं की नाही. लाइनवर शांतता पसरली.

ऑपरेटरबाईंना ती सहन होईना. "तीन मिनिटं झाली, शेठ. वाढवून देते. मुलगी दिसायला कशी आहे ते राहिलंच!"

*

आखाजीचा दिवस. धुळ्यात ऊन असं की बसच्या खिडकीची दांडी हाताला भाजत होती. आम्ही सगळे होतो. राघू, त्याची आई, शांतिभाई, मी आणि आबा. आबा येत नव्हते. राघूच्या आईनेच त्यांना आणलं. म्हणाली, "तुम्ही नसलात तर तो घरातून निघायचाच नाही." आबांनी मग बसस्टँडवर सगळ्यांना शपथ घातली. "पाखराचं नाव काढायचं नाही. कोणतंच!"

"मग बोलायचं काय?" शांतिभाईंनी विचारलं.

"बोलायचंच नाही."

नाना पुढे, आम्ही मागे. घराच्या अंगणात कडुनिंब, त्याला आखाजीचा झोका बांधलेला. सासरहून आलेल्या दोघी बहिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. आम्हाला बघून थांबल्या आणि आत पळाल्या. बैठकीच्या दाराआड बांगड्यांचा आवाज सुरू झाला. सगळं घर पडद्यामागे उभं होतं.

निंबावरून विजेची तार गेली होती. बैठकीच्या खिडकीतून ती नेमकी समोर दिसत होती. तिच्यावर काहीतरी हिरवं बसलं होतं. मधूनच उडी मारत होतं, गरकन फिरून पुन्हा तिथेच बसत होतं. आबांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली. मीही खाली घातली. राघूने तर डोळेच मिटले. आम्ही सगळे फरशीकडे बघत बसलो. शांतिभाईंनी जीव रमवायला दाराच्या पडद्याचं कापड चिमटीत धरून बघायला सुरुवात केली.

मुलीचे वडील कचेरीत हेडक्लार्क. करडा माणूस. त्यांनी राघूला विचारलं, "छंद वगैरे काही?"

"सकाळी फिरायला जातो."

"कुठे?"

"तळ्यावर."

"तिथे काय करता?"

"बघतो."

"काय?"

राघूने आबांकडे पाहिलं. आबांनी ओठ घट्ट मिटले. त्याने नानांकडे पाहिलं. नानांनी छताकडे.

निर्मला पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि दाराशी थांबली. तिच्या वडलांनी कप खाली ठेवला. आतापर्यंत ते कचेरीतलं मराठी बोलत होते, आता एकदम घरचं बोलायला लागले.

"मी स्पष्ट विचारस. भुसावळना लोकेसनी माले सांगं. हाऊ पोऱ्या मधमाश्या खास?"

म्हणजे हा मुलगा मधमाश्या खातो का! भुसावळची बातमी फिरत फिरत धुळ्याला पोचली होती. राघूच्या आईने पदर तोंडाला लावला. पडद्यामागच्या बांगड्या थांबल्या. शांतिभाईंचं लक्ष कापडात होतं. त्यांच्या कानावर फक्त शेवटचा शब्द पडला.

"खास?" ते मोठ्याने म्हणाले. "एकदम खास, दादा! आमचा राघू म्हणजे स्पेशल!"

मुलीचे वडील उठून उभे राहिले.

"टिंग," नाना घाबरून पुटपुटले.

आबांचे डोळे पाण्याने भरले होते. शपथ त्यांनीच घातली होती आणि तारेवर तो अजून उड्या मारत होता. राघू उठला. आईला हात देऊन म्हणाला, "चल, आई."

निर्मलाने ट्रे टेबलावर ठेवला. खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं. मग राघूकडे वळून, वर्गात प्रश्न विचारतात तसं, विचारलं, "डंखासकट खाता, की आधी आपटता?"

राघू थांबला. त्या दिवशी घरात आल्यापासून त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"आधी आपटतो," तो म्हणाला.

"मग हरकत नाही," ती म्हणाली आणि पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली.

कोपऱ्यातून नानांचा आवाज आला.

"टिंग टिंग!"